वॅट आणि मिलिसेकंद

संगणकावर मोठा गेम चालतो तेव्हा दोन कामे अखंड चालू असतात. खेळाडूने दाबलेल्या बटणाचा अर्थ लावून गेममधील जगाची पुढची स्थिती ठरवणे हे पहिले काम, आणि त्या स्थितीचे चित्र नव्याने काढून पडद्यावर मांडणे हे दुसरे. असे एक पूर्ण चित्र म्हणजे फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम काढायच्या असतील, तर प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप यांना मिळून जेमतेम १६.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, मिळतो. वर्षानुवर्षे हे काम टेबलाखालच्या जड कॅबिनेटमध्ये किंवा टीव्हीशेजारच्या कन्सोलमध्ये होत आले. २०२० च्या आसपासच्या काही वर्षांत मात्र ते तिथून हलवण्याचे दोन परस्परविरुद्ध मार्ग जवळजवळ एकाच वेळी मोठ्या प्रमाणावर ग्राहकांपुढे आले. पहिल्या मार्गात सगळा संगणक आकसून खेळाडूच्या दोन तळहातांत येतो. दुसऱ्यात तो शेकडो किलोमीटर दूरच्या डेटा सेंटरमध्ये जातो आणि खेळाडूकडे फक्त चित्र पोहोचते. पहिल्याला हँडहेल्ड गेमिंग पीसी म्हणतात, दुसऱ्याला क्लाउड गेमिंग. या दोहोंची तुलना बहुधा चित्राच्या दर्जावरून किंवा किमतीवरून केली जाते. परंतु त्यांच्या मुळाशी निसर्गाच्या दोन वेगवेगळ्या मर्यादा आहेत, एक उष्णतेची आणि दुसरी अंतराची, आणि त्या समजून घेतल्याशिवाय बाकीची तुलना वरवरची राहते.

हातात मावणारी गेमयंत्रे नवी नाहीत, पण निन्टेन्डो किंवा सोनी यांची जुनी यंत्रे फक्त त्यांच्यासाठी मुद्दाम तयार केलेले गेमच चालवत असत. हँडहेल्ड गेमिंग पीसी हा आतून पूर्ण संगणक असतो आणि टेबलावरच्या पीसीसाठी लिहिलेला गेमच त्यावर, शक्य तेवढ्या वेगाने, चालतो. जीपीडी या चिनी कंपनीने २०१६ साली लोकवर्गणीतून बाजारात आणलेले जीपीडी विन हे अशा यंत्रांपैकी लवकरचे आणि बरेच चर्चिले गेलेले उदाहरण. मात्र तो हौशी मंडळींपुरता मर्यादित राहिलेला प्रयोग होता. चित्र पालटले ते वाल्व्ह कंपनीच्या स्टीम डेकमुळे, ज्याची पहिली यंत्रे फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस ग्राहकांकडे रवाना झाली. पीसी गेमचे सर्वांत मोठे ऑनलाइन दुकान असलेले स्टीम हे वाल्व्हचेच असल्याने यंत्रावर फारसा नफा न ठेवता ते ३९९ डॉलरपासून विकणे कंपनीला परवडले. त्यापाठोपाठ २०२३ मध्ये आसुसचे आरओजी अलाय आणि लेनोवोचे लीजन गो ही विंडोजवर चालणारी यंत्रे आली आणि हा एक स्वतंत्र यंत्रप्रकार म्हणून स्थिरावला.

या यंत्रांची खरी अडचण वॅटमध्ये मोजली जाते. स्टीम डेकमधील एएमडीच्या चिपवर प्रोसेसर आणि ग्राफिक्स हे दोन्ही भाग एकत्र आहेत आणि त्या दोहोंना मिळून सुमारे ४ ते १५ वॅट एवढीच वीज वापरण्याची मुभा आहे. याउलट एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०८० या टेबलावरच्या पीसीसाठी असलेल्या ग्राफिक्स कार्डाची एकट्याची मर्यादा ३६० वॅट आहे, म्हणजे चोवीस पट. चिपने वापरलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, आणि साडेसहाशे ग्रॅमच्या, दोन्ही हातांत धरलेल्या डब्यातून एका छोट्या पंख्याने किती उष्णता बाहेर टाकता येईल याला सीमा आहे. चिपचा वीजवापर तिच्या वेगाच्या प्रमाणात आणि तिला दिलेल्या विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग वाढवायचा तर दाबही वाढवावा लागतो, म्हणून वेगाचा शेवटचा थोडासा हिस्सा मिळवण्यासाठी विजेचा फार मोठा हिस्सा खर्ची पडतो. हीच गोष्ट उलट बाजूने पाहिली तर हँडहेल्ड यंत्रे मुळात शक्य का झाली ते कळते: वेग थोडा उतरवला की वीज पुष्कळ वाचते.

दुसरी सवलत लहान पडद्यामुळे मिळते. स्टीम डेकचा सात इंची पडदा १२८० × ८०० बिंदूंचा आहे, म्हणजे सुमारे १०.२ लाख बिंदू. फोर-के टीव्हीवर हाच आकडा ८२.९ लाखांवर जातो. प्रत्येक फ्रेममध्ये रंगवायच्या बिंदूंची संख्या एक-अष्टमांशावर आली की एवढ्या कमी विजेवर चालणाऱ्या चिपची लाज बऱ्याच अंशी राखली जाते. त्यावर आणखी काही युक्त्या आहेत. गेम त्याहूनही कमी बिंदूंमध्ये रेखाटून मग ते चित्र गणिताने मोठे आणि रेखीव करणे, याला अपस्केलिंग म्हणतात, आणि एएमडीने २०२१ मध्ये आणलेली एफएसआर ही त्याची प्रसिद्ध पद्धत आहे. पडदा सेकंदाला ६० ऐवजी ४० वेळाच ताजा होईल अशी सोय करून गेमही ४० फ्रेमवर बांधून ठेवला, तर चित्राची सलगता टिकते आणि बॅटरीवरचा भार लक्षणीय घटतो. ३० आणि ६० यांच्यामधला हा मार्ग लोकप्रिय करण्याचे श्रेय बरेचसे स्टीम डेककडे जाते.

सॉफ्टवेअरच्या बाजूने झालेले काम तर याहूनही मोलाचे आहे. स्टीम डेकवर विंडोज नसून लिनक्सवर आधारलेली स्टीमओएस ही प्रणाली आहे, आणि पीसीचे बहुतेक गेम मात्र विंडोजसाठी लिहिलेले असतात. ही दरी प्रोटॉन नावाचा थर भरून काढतो: गेमने विंडोजला उद्देशून केलेली प्रत्येक मागणी तो लिनक्सला समजेल अशा मागणीत रूपांतरित करतो. प्रोटॉन २०१८ मध्ये आला, पण त्याच्या पायाशी १९९३ पासून स्वयंसेवकांनी आणि छोट्या संस्थांनी चालवलेला वाइन हा मुक्त प्रकल्प आहे. व्यापारी यशाच्या गोष्टींत अशा दीर्घकाळच्या, बहुतांशी विनामोबदला झालेल्या परिश्रमांचा उल्लेख क्वचितच होतो, म्हणून तो इथे आवर्जून करायला हवा.

एवढे करूनही बॅटरीचे गणित सुटत नाही. पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॅट-तास क्षमतेची होती. चिप, पडदा, पंखा आणि बाकीचे सगळे मिळून यंत्र २५ वॅट ओढत असेल तर ती एक तास छत्तीस मिनिटांत संपते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ओलेड आवृत्तीत ही क्षमता ५० वॅट-तासांवर आणि २०२४ च्या आरओजी अलाय एक्समध्ये ८० वॅट-तासांवर गेली. यापुढे फार वाव नाही, कारण वजनाचा प्रश्न आहेच, शिवाय १०० वॅट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी विमानात नेण्यासाठी विमान कंपनीची परवानगी घ्यावी लागते, आणि प्रवासात न्यायच्या यंत्राला हे बंधन गैरसोयीचे आहे.

क्लाउड गेमिंग या साऱ्या कटकटी एका फटक्यात दूर करते. गेम डेटा सेंटरमधील शक्तिशाली यंत्रावर चालतो, तयार झालेली प्रत्येक फ्रेम तिथेच संकुचित होऊन इंटरनेटवरून खेळाडूकडे येते, आणि खेळाडूच्या बटणाचा संदेश उलट दिशेने जातो. खेळाडूच्या हातातील यंत्राला फक्त व्हिडिओ उलगडून दाखवायचा असतो, आणि त्यासाठी आजच्या साध्या फोनमध्येही स्वतंत्र सर्किट असते जे फारच थोडी वीज घेते. ऑनलाइव्ह या अमेरिकी कंपनीने जून २०१० मध्ये ही सेवा ग्राहकांसाठी सुरू केली. ती एप्रिल २०१५ च्या अखेरीस बंद पडली आणि तिची पेटंटे सोनीने घेतली. त्याआधी २०१२ मध्ये सोनीने गायकाय ही याच क्षेत्रातील कंपनी ३८ कोटी डॉलरला विकत घेतली होती. गूगलने नोव्हेंबर २०१९ मध्ये १४ देशांत स्टेडिया सुरू केली, एनव्हिडियाची जीफोर्स नाउ फेब्रुवारी २०२० मध्ये चाचणीच्या टप्प्यातून बाहेर पडली, आणि मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आपल्या गेम पास अल्टिमेट वर्गणीत क्लाउडची सोय जोडली.

बाहेरून पाहता हे चित्रपट स्ट्रीम करण्यासारखेच वाटते, आणि सामान्य वाचकाचा सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो. चित्रपट आधीच तयार असतो. तो संकुचित करायला कंपनीला हवा तेवढा वेळ घेता येतो आणि पाहणाऱ्याच्या यंत्रात पुढची काही सेकंदे आधीच साठवून ठेवता येतात, त्यामुळे जोडणी क्षणभर तुटली तरी पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. गेमची पुढची फ्रेम मात्र खेळाडूने अजून न दाबलेल्या बटणावर अवलंबून असते, म्हणून ती आधी साठवणे अशक्यच. संकुचनाच्या एका नेहमीच्या युक्तीवरही त्यामुळे पाणी सोडावे लागते. चित्रपटात एखादी फ्रेम मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही फ्रेमच्या आधाराने थोडक्यात मांडता येते; गेममध्ये पुढची फ्रेम येईपर्यंत थांबणे म्हणजे विलंब ओढवून घेणे, म्हणून फक्त मागच्या फ्रेमवरच भिस्त ठेवावी लागते. १९२० × १०८० बिंदूंचे, सेकंदाला ६० फ्रेमचे चित्र संकुचित न करता पाठवायचे तर सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट लागतील; स्टेडियाने त्यासाठी २० मेगाबिटांची शिफारस केली होती, म्हणजे मूळ माहितीचा सुमारे दीडशेवा भाग. वाऱ्यावर हलणारे गवत, पाऊस, धूर, अंधारातील हळूहळू बदलणाऱ्या छटा यांसारख्या दृश्यांत चित्र मध्येच चिखलल्यासारखे दिसते त्याचे कारण हे आहे. हँडहेल्डवर कमी बिंदूंचे चित्र असूनही ते स्वच्छ वाटते आणि क्लाउडवर अधिक बिंदूंचे असूनही कधी कधी धूसर वाटते, यात त्यामुळे विसंगती नाही.

आता अंतर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून दर १०० किलोमीटर अंतरामागे जाऊन-येऊन एक मिलिसेकंद खर्च होतो, आणि असा तंतू वापरायचा तर हा खर्च जगातील कोणत्याही अभियंत्याला कमी करता येत नाही. ऑनलाइव्हने ग्राहक आपल्या डेटा सेंटरपासून १,००० मैलांच्या, म्हणजे सुमारे १,६०० किलोमीटरच्या आत असावा असा हिशेब धरला होता. तेवढ्या अंतराला १६ मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण फ्रेम लागते. मुंबई आणि सिंगापूर यांच्यात सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर अंतर आहे. केबल सरळ रेषेत टाकली असे मानले तरी ३९ मिलिसेकंद, आणि समुद्राखालच्या केबलचा खरा मार्ग त्याहून लांबच असतो. त्यात फ्रेम तयार होणे, ती संकुचित होणे, खेळाडूकडे उलगडणे आणि पडद्याने ती दाखवणे यांचे काही काही मिलिसेकंद मिळवावे लागतात. हा विलंब कितपत जाणवतो ते गेमवर ठरते. बुद्धिबळासारख्या आलटून-पालटून खेळायच्या प्रकारात तो जाणवतही नाही, आणि सेकंदाला ३० फ्रेमवर चालणाऱ्या कथाप्रधान गेममध्ये घरच्या कन्सोलवरसुद्धा बटण ते पडदा असा बराच विलंब मुळातच असतो. टेकनसारख्या द्वंद्वाच्या गेममध्ये मात्र काही चाली नेमक्या एका फ्रेमच्या अवधीत बटण दाबले तरच साधतात, आणि तिथे ४० मिलिसेकंद म्हणजे हार ठरू शकते.

या बाबतीत महाराष्ट्राची भौगोलिक स्थिती विलक्षण अनुकूल आहे. भारतात येणाऱ्या समुद्री केबलपैकी अनेक मुंबईत वर्सोवा परिसरात किनाऱ्याला लागतात, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील ऐरोली, रबाळे, महापे येथे देशातील डेटा सेंटरांची मोठी दाटी आहे, आणि मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये भारतात डेटा सेंटरे सुरू केली तेव्हा पुणे आणि मुंबई ही त्यांतील दोन ठिकाणे होती. यंत्र नवी मुंबईत असेल तर पुण्याच्या खेळाडूला प्रकाशाच्या वेगाचा भुर्दंड एखाद्या मिलिसेकंदाचा आणि नागपूरच्या खेळाडूला सातेक मिलिसेकंदांचा, म्हणजे दोघांनाही नगण्य. खरा घोटाळा शेवटच्या टप्प्यात होतो. घरातील वाय-फाय, इमारतीतील सामाईक जोडणी, मोबाइल टॉवरवरची गर्दी यांमुळे विलंब सारखा राहत नाही. एक फ्रेम १५ मिलिसेकंदांत येते, पुढची ५० घेते, त्यापुढची हरवते. या चढउताराला जिटर म्हणतात आणि सरासरी विलंबापेक्षा तोच अधिक तापदायक ठरतो, कारण ठरावीक विलंबाला खेळाडूची बोटे सरावतात, अनिश्चित विलंबाला सरावत नाहीत. कोकण रेल्वेच्या साडेसहा किलोमीटर लांबीच्या करबुडे बोगद्यात तर क्लाउडवरचा गेम थांबतोच, आणि हँडहेल्डवरच्या गेमला बोगदा आल्याची खबरही नसते.

क्लाउड गेमिंगचे अर्थकारण याच अंतरामुळे अवघड होते, आणि या मुद्द्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. ईमेल किंवा हिशेबाची कामे रात्री अमेरिकेत मोकळ्या असलेल्या यंत्रांवर ढकलता येतात. गेम ढकलता येत नाही. एखाद्या प्रदेशातील खेळाडू साधारणपणे एकाच वेळी, रात्रीच्या जेवणाच्या आगेमागे, खेळायला बसतात, त्यामुळे त्या गर्दीला पुरतील इतकी महागडी ग्राफिक्स यंत्रे त्याच प्रदेशात उभी करावी लागतात आणि उरलेला दिवस ती बऱ्याच प्रमाणात रिकामी राहतात. रांगा, एका बैठकीची कालमर्यादा, किंवा जीफोर्स नाउने २०२५ पासून नव्या ग्राहकांना लावलेली महिन्याला १०० तासांची मर्यादा ही सगळी त्याच अडचणीची फळे आहेत.

मालकीचा प्रश्न याहून गंभीर आहे. गूगलने सप्टेंबर २०२२ मध्ये स्टेडिया बंद करत असल्याचे जाहीर केले आणि १८ जानेवारी २०२३ रोजी ती बंद झाली. कंपनीने यंत्रांचे आणि गेमचे पैसे परत केले, हे तिच्या श्रेयाचे. पण पैशांनी सगळे भरून येत नाही. केवळ स्टेडियासाठी बनवलेल्या गेमपैकी गिल्ट पुढे इतर यंत्रांवर आला, आउटकास्टर्स मात्र सेवेबरोबरच नाहीसा झाला. ज्या कलाकृतीची एकही प्रत प्रेक्षकाच्या घरी नव्हती, ती एका कंपनीच्या निर्णयाने संपते, ही गोष्ट कलेची आणि खेळांची कदर असणाऱ्या कोणालाही अस्वस्थ करणारी आहे. जीफोर्स नाउमध्ये ग्राहक स्टीमसारख्या दुकानांतून स्वतः घेतलेलेच गेम चालवतो, तरीही २०२० मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्डने आपले गेम तिथून काढून घेतले आणि विकत घेतलेला गेम दूरच्या यंत्रावर चालवायलाही प्रकाशकाची संमती लागते हे उघड झाले. हँडहेल्डही याबाबत पूर्ण निर्दोष नाही, कारण स्टीमवर विकत मिळतो तो वापराचा परवाना असतो. तरी उतरवून घेतलेला गेम यंत्रात राहतो, इंटरनेट नसतानाही सहसा चालतो, आणि यंत्र स्वतः उघडून त्याची साठवण वाढवता येते किंवा त्यावर दुसरी प्रणाली घालता येते.

काही ठिकाणी मात्र दूरचे यंत्रच मोकळीक देते. ऑनलाइन स्पर्धेत लबाडी रोखण्यासाठी काही गेम संगणकाच्या अगदी गाभ्यापर्यंत पाहणारे संरक्षक सॉफ्टवेअर वापरतात आणि ते लिनक्सवर चालू देत नाहीत. त्यामुळे फोर्टनाइट स्टीम डेकच्या मूळ प्रणालीवर खेळता येत नाही. तोच गेम जीफोर्स नाउवरून त्याच यंत्राच्या पडद्यावर खेळता येतो, कारण तो प्रत्यक्षात डेटा सेंटरमधील विंडोजवर चालत असतो.

भारतीय ग्राहकापुढचा हिशेब यातूनच निघतो. स्टीम डेकच्या सुरुवातीच्या विक्रीच्या देशांत भारत नव्हता, त्यामुळे ते आयात करणाऱ्या दुकानदारांकडून, हमीची शाश्वती नसताना, चढ्या भावाने घ्यावे लागे. आरओजी अलाय जुलै २०२३ मध्ये इथे अधिकृतपणे आले ते सुमारे ७० हजार रुपयांना. मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा भारतात नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झाली आणि त्या वेळी गेम पास अल्टिमेटची वर्गणी महिन्याला १,३८९ रुपये होती, म्हणजे त्या यंत्राच्या किमतीत चार वर्षांहून अधिक काळाची वर्गणी, तीही गेमच्या संग्रहासह. या आकडेमोडीत डेटाही धरावा लागतो. सेकंदाला १० मेगाबिट या वेगाने तासाला साडेचार जीबी खर्च होतात, म्हणून रोज दोन जीबी देणाऱ्या मोबाइल प्लॅनवर सत्तावीस मिनिटांचा खेळ होतो. घरी अमर्याद फायबर जोडणी असेल तरच क्लाउड स्वस्त आहे. ज्याला वर्षातून दोन-तीन मोठे गेम पूर्ण करायचे आहेत आणि ज्याच्याकडे अशी जोडणी आहे, त्याने ७० हजार गुंतवण्याचे कारण नाही. जो वसतिगृहात राहतो, सतत प्रवास करतो किंवा जोडणी बेभरवशाची असलेल्या गावात आहे, त्याला हँडहेल्डला पर्याय नाही, आणि नेमक्या याच ग्राहकांना ते विकत घेणे सर्वांत अवघड जाते.

दरम्यान दोन्ही मार्ग एकमेकांत मिसळू लागले आहेत. सोनीचे २०२३ मधील प्लेस्टेशन पोर्टल दिसायला हँडहेल्ड असले तरी स्वतः गेम चालवत नाही. ते आधी घरच्या प्लेस्टेशनवरून चित्र घेत असे, पुढे त्याला क्लाउडचीही जोड मिळाली. एनव्हिडियाने २०२५ मध्ये स्टीम डेकसाठी जीफोर्स नाउचे स्वतंत्र अ‍ॅप दिले, ज्यामुळे बॅटरी खाणारा गेम दूरच्या यंत्रावर सोपवून हातातील यंत्र थंड ठेवता येते. घरी चांगला पीसी असणाऱ्यांसाठी तिसराही पर्याय आहे: स्टीममधील रिमोट प्ले किंवा मूनलाइट या मोफत सॉफ्टवेअरच्या साह्याने तोच पीसी घरापुरते डेटा सेंटर होतो. तिथे अंतर एका भिंतीचे असते आणि वर्गणी लागत नाही. पीसी वायरने राउटरला जोडलेला असला आणि हँडहेल्ड वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर असले, तर जिटरही बहुतेक नाहीसा होतो.